हसतेय की मी

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला बोलावलेला फोटोग्राफर पोरगा फार मनापासून काम करत होता. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लहानशा हॉलमध्ये आम्ही पन्नास-साठ माणसं जमलो होतो. धाकट्या मावशीनं कणकेचे ८१ दिवे केले होते. ती परात दोन सुनांनी मिळून धरली, ओवाळताना दोघींचे हात भरून आले आणि तो सगळा पिवळा उजेड आईच्या तोंडावर पडला. पोरगा एक गुडघा टेकून पुढं सरकला. "आजी, जरा हसा ना." आई त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं कॅमेरा खाली केला, पुन्हा वर घेतला. "आजी, थोडंसं." तिसऱ्यांदा तो अगदी लाडानं म्हणाला, "आज तुमचा दिवस आहे आजी, एवढ्या गंभीर नका ना बसू."

आईनं माझ्याकडे मान वळवली आणि हल्ली फार बारीक झालेल्या आवाजात म्हणाली, "हसतेय की मी."

त्याला ते ऐकू गेलं नाही. दिव्यांच्या पलीकडे गलका होता, कुणीतरी जेवणाची पानं मोजत होतं. मला मात्र ऐकू आलं, आणि त्या तीन शब्दांनी माझं इतक्या वर्षांचं शिकवणं उलटंपालटं करून टाकलं.

आईला कंपवात आहे. सहा वर्षं झाली. पहिल्यांदा निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी हातांच्या थरथरीबद्दल सांगितलं, चाल आखूड होईल म्हणाले, अक्षर बारीक होत जाईल म्हणाले. मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य लागतं, ते तयार करणाऱ्या पेशी झडत जातात आणि मग स्नायू ताठरतात, हेही कागदावर चित्र काढून समजावलं. चेहऱ्याबद्दल ते एकच वाक्य बोलले, जाता जाता: "चेहरा जरा मुखवट्यासारखा होतो." आम्ही औषधांची चिठ्ठी घेतली, खाली येऊन रिक्षा केली. थरथर दिसत होती, म्हणून घरादारानं थरथरीचीच काळजी केली. मुखवट्याचं वाक्य कुणी घरी आणलंच नाही.

त्याची किंमत पुढं दोन वर्षं मोजली. वहिनी पानात भाजी वाढून आईच्या तोंडाकडे बघायची, तिथं काही उमटायचं नाही, आणि तिला वाटायचं की आज मीठ कमी पडलं, उद्या तेल जास्त झालं. "आईंना माझं काही आवडतच नाही," असं ती एकदा गॅसजवळ उभी राहून रडत म्हणाली. नातू परीक्षेचा निकाल घेऊन आला, आजीनं नुसतं बघितलं, तो हिरमुसून खोलीत गेला. भाऊ पुण्याहून यायचा आणि दारातच विचारायचा, "हिचं काही बिनसलंय का?" कुणाचं काहीच बिनसलं नव्हतं. आई आतून तशीच होती, दाराशी येऊन उभी होती. फक्त दार उघडत नव्हतं.

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पाचवीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर चार गोल काढायची. प्रत्येकात दोन टिंबं आणि एक रेघ. रेघेची टोकं वर गेली की आनंद, खाली आली की दुःख, भुवया आत झुकल्या की राग, तोंडाचा गोल केला की आश्चर्य. पोरं खूश व्हायची, वहीभर तोंडं काढायची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना मी थोडं पुढचं सांगायची, पण मूळ धडा तोच. मन आत असतं आणि चेहरा म्हणजे त्याची पाटी, हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की ते मलाच खरं वाटायला लागलं होतं. आईचा चेहरा थांबल्यावर कळलं की मला वाचायला येत होती ती पाटीच. माणूस वाचायला मी शिकलेच नव्हते.

असा धडा शिकवणारी मी पहिली नव्हे. फ्रान्सच्या राजाचा चित्रकार शार्ल ल ब्रँ यानं १६६८ मध्ये पॅरिसच्या अकादमीत यावर व्याख्यान दिलं होतं. भीतीचा चेहरा कसा, मत्सराचा कसा, उपासनेचा कसा, याचे नमुने त्यानं रेखून ठेवले आणि सगळ्या भावांची गुरुकिल्ली भुवयांत आहे असं सांगितलं. पुढं कित्येक पिढ्या चित्रकार ते नमुने गिरवत राहिले. मोठमोठ्या युद्धचित्रांत माणसं मरताना जी एकसारखी दिसतात, त्याचं कारण हे गिरवणं आहे असं मला वाटतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर आहे, द्युशेन. तोही पॅरिसचाच, १८६२ चा. त्याला एक म्हातारा चांभार सापडला होता. त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली होती, त्यामुळे विजेची तार लावली तरी दुखायचं नाही. द्युशेननं एकेका स्नायूला वीज देऊन त्या बिचाऱ्याच्या तोंडावर हसू, भय, किळस उमटवली आणि त्यांचे फोटो काढले. दहा वर्षांनी डार्विननं भावदर्शनावरच्या आपल्या पुस्तकात त्यातले काही घेतले. ते फोटो बघवत नाहीत. चेहऱ्यावर भीती आहे आणि माणूस मात्र शांत बसलाय. पण त्या सगळ्यातून द्युशेनला एक फार हळवी गोष्ट सापडली. गाल वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमात असतो. डोळ्याभोवतीचा, डोळ्यांच्या कडांना सुरकुती पाडणारा, तो मात्र सांगून हलत नाही, त्याला खरोखरचा आनंदच हलवतो. म्हणजे 'जरा हसा ना' ही मागणी निरोगी माणसालाही पुरी करता येते ती अर्धीच.

आईचं तर याहून विचित्र आहे. तपासताना डॉक्टर म्हणतात, "दात दाखवा," तर ती दाखवते. ओठ ताणा म्हटलं तर ताणते. सांगितलेलं अजून थोडंफार जमतं. न सांगता येणारं, आपसूक उमटणारं, तेवढं वाटेत हरवतं. त्या दिवशी तिनं ओठ ताणले नाहीत, कारण तिच्या लेखी ते आधीच ताणलेले होते. ती आतून हसत होती आणि ते बाहेर पोचलंय अशी तिची खात्री होती.

यानंतर मी चित्रं पुन्हा बघायला लागले. नवी नव्हेत, जुनीच. आम्ही दर दोन वर्षांनी शाळेची सहल अजिंठ्याला न्यायचो. १६ क्रमांकाच्या लेण्यात एक चित्र आहे, त्याला मरणासन्न राजकन्या म्हणतात. नंद घरदार सोडून भिक्षू झाला, त्याचा मुकुट परत आला आणि त्याची बायको सुंदरी कोसळली, असा त्या प्रसंगाचा अर्थ लावतात. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढं बरीच वर्षं विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रतिकृती करवून घेत होते. या चित्रापुढं त्यांनी कबूल केलं की फ्लॉरेन्सच्या चित्रकारानं रेषा अधिक चांगली काढली असती, व्हेनिसवाल्यानं रंग अधिक चांगला लावला असता, पण याहून जास्त भाव दोघांनाही आणता आला नसता.

मी मुलांना बॅटरीच्या उजेडात ते चित्र दाखवायची आणि म्हणायची, "बघा, चेहऱ्यावर किती दुःख आहे." आता आठवून बघते, तर त्या चेहऱ्यावर काय आहे? अर्धे मिटलेले डोळे. ओठ जवळजवळ सरळ. फळ्यावरच्या माझ्या चार गोलांपैकी एकातही तो बसला नसता. दुःख कुठं आहे, तर कलंडलेल्या मानेत आहे. जोर गेलेल्या बोटांत आहे. मागून तिला सावरणाऱ्या दासीच्या हातात आहे, आणि भोवतालच्या बायकांच्या नजरेत आहे. चित्रकारानं राजकन्येच्या चेहऱ्यावर कमीत कमी ठेवलं आणि बाकीचं सगळं आजूबाजूला वाटून दिलं.

२६ क्रमांकाच्या लेण्यात तर हे दगडात आहे. बुद्धाचं महापरिनिर्वाण. सात मीटरची ती निजलेली मूर्ती, चेहरा झोपलेल्या माणसासारखा निवांत. खाली पायथ्याशी लहान लहान शिष्य बसलेत, कुणी हनुवटीला हात लावून, कुणी डोकं खाली घालून. एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर शोकाचा मागमूस नाही. सगळा शोक त्या वीतभर माणसांनी उचललाय. मी तिथं दर वेळी मुलांना मूर्तीची लांबी सांगायची. खाली बघा, असं एकदाही म्हटलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

घरातही खाली बघायला हवं होतं, भोवती बघायला हवं होतं. ते मी शिकले ते मात्र अजिंठ्यात नाही. शिकले गंगापूर रोडच्याच पार पुढच्या टोकाला. हा रस्ता आता शहरातल्या लोकांना जेहान सर्कलपर्यंत, फार तर आनंदवल्ली-सोमेश्वरपर्यंत ठाऊक असतो. पण तो तसाच गंगापूर गाव, मग गिरणारं करत वाघेरा घाटानं हरसूलकडे चढतो. तिकडच्या एका पाड्यावरचा माझा जुना विद्यार्थी आहे, वसतिगृहात राहून शिकलेला. वैशाखात त्याचा फोन आला, "मॅडम, आमच्याकडं बोहाडा आहे, या." मी भाच्याला गाडी काढायला सांगितली.

त्र्यंबक, पेठ, सुरगाणा आणि पलीकडं मोखाडा-जव्हार या पट्ट्यात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचवलेल्या सोंगांचा उत्सव, रात्र रात्र चालतो. गणपती येतो, शारदा येते, मग रावण, नरसिंह, त्राटिका, वीरभद्र. एकेक सोंग संबळ-पिपाणीच्या तालावर पुढं येतं, मागं जातं, पुन्हा पुढं येतं. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे ठरलेलं असतं, बापाकडून मुलाकडे आलेलं. मुखवटे कुठं लाकडाचे, कुठं कागदाच्या लगद्याचे.

मी संध्याकाळीच पोचले होते, म्हणून ते मुखवटे मी आधी उजेडात, ओसरीवर ठेवलेले पाहिले. खरं सांगायचं तर ते मला ओबडधोबड वाटले. वटारलेले डोळे, लालभडक ओठ, एकच एक भाव, तोही कुठला ते धड कळेना. चित्रकलेच्या शिक्षिकेच्या नजरेनं मी त्यांना मनातल्या मनात गुण देऊन मोकळी झाले.

रात्री अकराच्या पुढं त्यातलाच एक मुखवटा देवीचा होऊन समोर आला आणि मी जागची हलले नाही. मशालींचा उजेड खालून येत होता. नाचणाऱ्यानं मान खाली घातली, कपाळाची सावली डोळ्यांवर उतरली आणि देवी उदास झाली. त्यानं मान झटक्यात वर केली, गालांवर उजेड चढला, देवी हसली. अगदी हसली. मी डोळे बारीक करून ओठ बघितले, ते होते तिथंच होते, ओसरीवर होते तसेच. मग देवी एका लहान मुलाच्या दिशेनं वळली, जरा थबकली, मान तिरकी केली, आणि ते पोर आईच्या पदरात शिरलं. लाकूड-कागदाच्या एका तोंडावर मी तासाभरात राग, माया, थकवा, खट्याळपणा, सगळं पाहिलं.

पहाटे चहा पिताना त्या नाचणाऱ्या बाबांना मी विचारलं. साठीचे असतील. मुखवटा काढल्यावर त्यांचा चेहरा घामानं ओलाचिंब होता, आणि मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. ते म्हणाले, "ताई, सोंगाला मान लागते. मान मेली का सोंग मेलं." एवढंच म्हणून त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

जपानच्या नोह नाटकात यासाठी शब्दच आहेत, हे मला पुढं वाचनात आलं. तिथलाही मुखवटा लाकडाचा, भाव असा काही नसलेला. तो किंचित खाली झुकवला तर त्याला 'ढगाळणं' म्हणतात, किंचित वर उचलला तर 'उजळणं'. आणि आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात तर मोजदादच आहे: दृष्टीचे ३६ प्रकार, भुवयांचे ७, नाकाचे ६, गालांचे ६, खालच्या ओठाचे ६. पाठांतर करण्याजोगी यादी म्हणून तिची मला कधी फारशी ओढ नव्हती. पण आता तीच यादी परत उघडली तर दिसलं की भरतमुनी चेहऱ्यापाशी थांबलेले नाहीत. डोक्याच्या १३ हालचाली आहेत, मानेच्या ९ आहेत. शिवाय मुखराग म्हणून एक वेगळीच गोष्ट आहे, चेहऱ्याचा वर्ण बदलणं: स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम. स्नायू न हलताही चेहरा बोलतो, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं.

हरसूलहून परतले त्या दिवसापासून मी आईची मान बघायला लागले.

सुरुवातीला काही कळायचं नाही. मग हळूहळू अक्षरं लागत गेली. भाजी आवडली की ती दुसरा घास घ्यायच्या आधी थांबत नाही. न आवडली तर घास हातात धरून ताटाच्या कडेकडे बघते. कुणी आवडतं माणूस आलं की खांदा आधी वळतो, मान मागून येते. कंटाळा आला की पदराचं टोक बोटात गुंडाळते. आणि आनंद झाला, खरोखरचा, तर उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागतो. हे मला समजायला सगळ्यात जास्त दिवस लागले, कारण थरथर म्हणजे आजार असंच आमच्या डोक्यात बसलेलं. कंपवाताच्या माणसाची थरथर मनावर ताण आला की वाढते, तशीच आनंदानंही वाढते. नातू दारातून आत आला की तो अंगठा तर्जनीवर असा भराभर फिरतो, जणू ती पोराच्या डोक्यावरून हात फिरवतेय. चेहऱ्यावर यायचं ते सगळं तिथं उतरलंय.

मी वहिनीला अंगठा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम पुरणपोळी केली आणि पान वाढून आईच्या तोंडाकडे बघायच्या ऐवजी हाताकडे बघत बसली. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "ताई, फिरला अंगठा."

आनंदवल्लीच्या बाजूला गोदावरीच्या काठी नवश्या गणपती आहे. सकाळी तिथवर आम्ही दोघी जातो, आई वॉकर घेऊन, मी तिच्या डाव्या बाजूला. भाद्रपदाच्या आधी रस्त्याकडेला गणपतीच्या मूर्तींचे मांडव लागतात. गेल्या वर्षी एका मांडवात अजून डोळे न काढलेल्या मूर्ती पाहिल्या. रंगकाम पूर्ण, दागिने पूर्ण, पितांबर पूर्ण, आणि डोळ्यांच्या जागी कोरा पांढरेपणा. पेणचे कारागीर या डोळे काढण्याला आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटी होते आणि ती करणारा हात वेगळा, बहुधा घरातला जाणता. आई त्या कोऱ्या मूर्तींपुढं थांबली. वॉकरवरची बोटं घट्ट झाली. म्हणाली, "सगळं ऐकत असेल हा." मी तिच्याकडे बघितलं. ती गणपतीबद्दलच बोलत होती की नाही, हे मी विचारलं नाही.

नाशिकच्या चित्रकारांचं नाव निघालं की जलरंगांचं नाव निघतं. शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची चित्रं या शहरानं पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवर लावली. निसर्गचित्रांत माणसांना चेहरा नसतो. घाटावर धुणं धुणारी बाई म्हणजे ब्रशचे दोन फटकारे, एक लाल, एक तपकिरी. मी विद्यार्थिनी असताना याला मी सोय समजत होते: माणूस लहान आहे, चेहरा कोण काढणार. आता घाटावर आईजवळ बसून मी स्केचबुकात तेच करून बघते. पाठीचा एक बाक जरासा चुकला की थकलेली बाई रागावलेली दिसते. चेहरा काढला असता तर ती चूक झाकता आली असती. दोन फटकाऱ्यांत काहीच झाकता येत नाही.

गंगापूर रोडवरच कुसुमाग्रजांचं स्मारक आहे. तिथल्या एका कार्यक्रमाला आईला घेऊन गेले होते, तेव्हा 'नटसम्राट'चा विषय निघाला. ते नाटक १९७० चं. श्रीराम लागूंचा बेलवलकर आईनं पाहिला होता, शेवटून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून. मी विचारलं, तिथून चेहरा दिसला का गं? ती म्हणाली, "चेहरा कुठला दिसतोय एवढ्या लांबून. पाठ दिसली. पाठ रडत होती त्यांची." लागू नाक-कान-घशाचे डॉक्टर होते, चेहऱ्यातली शीर न शीर त्यांना ठाऊक असणार. आणि माझ्या आईला पन्नास वर्षांनंतर त्यांची पाठ आठवते.

आता फाळक्यांकडे येते, कारण या सगळ्याच्या मागं इतके दिवस माझ्या मनात एक लहान मुलगी उभी होती.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. चित्रकला शिकलेले, छायाचित्रण केलेले, लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांचा कॅमेरा बहुतेक नाटकाच्या प्रेक्षकासारखा समोर, अंतर ठेवून बसलेला आहे. माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके यांना घेतलं. 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता, दोघंही केले. एकाच चेहऱ्यानं एकमेकांचा विरह सोसायचा!

आणि मग १९१९ मध्ये नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतून 'कालिया मर्दन' आला. त्यात कृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी, मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्याआधी फाळक्यांनी एक वेगळंच काम केलं आहे. सात वर्षांच्या मुलीनं केलेला हा मुखभावांचा अभ्यास आहे, अशा अर्थाची पाटी येते, आणि मग पडदाभर नुसता त्या मुलीचा चेहरा. ना मुकुट, ना मोरपीस, ना गोष्ट. चेहरा उजळतो, आक्रसतो, पुन्हा मोकळा होतो. मग त्याच चेहऱ्याचा बघता बघता कृष्ण होतो. आधी साधी पोर दाखवायची आणि मग तिच्यात देव दाखवायचा, ही हिंमत मला फार मोठी वाटते. लोक देव बघायला आले होते. त्यांना फाळके सांगत होते की आधी हिला बघा, ही माझी मुलगी आहे, आता बघा काय होतं ते.

पुढं ती कालियाशी पाण्यात झुंजते, आणि काठावर गोकुळ जमलेलं, कुणी ऊर बडवतंय, कुणी पाण्याकडे डोळे लावून. झुंज आणि काठ, काठ आणि झुंज. अजिंठ्यातल्या त्या वीतभर शिष्यांसारखीच ती काठावरची माणसं.

माझ्या या सगळ्या विचारांत एक गोष्ट राहून गेली होती: हे मी आईला दाखवलंच नव्हतं. ती चित्रपटाची शौकीन, पण मूकपट बघेल असं वाटलं नाही. परवा दुपारी पाऊस लागला, फिरायला जाता येईना, तर मी टॅब्लेट तिच्यापुढं उशीला टेकवून ठेवला आणि काही न सांगता 'कालिया मर्दन'ची सुरुवात लावली. कुणाचा चित्रपट, कुणाची मुलगी, काहीही बोलले नाही. पाटीवरची अक्षरं तिला आता वाचता येत नाहीत.

पडद्यावर ती पोर आली. शंभराहून जास्त वर्षं जुना चेहरा, ओरखडे पडलेला, मधेच थरथरणारा. एकामागून एक भाव बदलत गेले. आणि समोर माझी आई, जिच्या चेहऱ्यावर त्यातला एकही उमटणार नव्हता. मी शिकलेय त्याप्रमाणे चेहऱ्याकडे बघितलं नाही. मानेकडे बघितलं. मान पुढं गेली होती, पडद्याकडे, चार बोटं तरी.

"समोर बाप बसलाय तिचा," आई म्हणाली.

मला क्षणभर कळलं नाही. म्हटलं, तुला कसं कळलं?

"अशी परक्या माणसापुढं करत नाही कुणी पोर. ते सांगतायत आणि ती करतेय. बघ की, हसू आवरतंय तिला."

मी बघितलं. इतक्यांदा पाहिलेला तो चेहरा, मी त्यात भाव मोजत आले होते, हा पहिला, हा दुसरा. दोन भावांच्या मधे जी सात वर्षांची मुलगी बापाकडे बघत होती, ती मला दिसली नव्हती.

पडद्यावर कृष्ण झाला होता. आईचा उजवा हात मांडीवर होता, पदराखाली. पदर हलत होता. मी तो बाजूला केला नाही.

"परत लाव," ती म्हणाली. "पहिल्यापासून."